माझ्या नावावरचे दोन गोल

तवंदीच्या घाटात ट्रक पहिल्या गिअरवर आला आणि नाना मंडलिक केबिनची फळी धरून उभा राहिला.

"ऐका रे सगळी," तो म्हणाला. "आज आपल्यासंगं बापू आलेला न्हाई. बापू कोल्हापुरात घरी झोपलाय. कळलं?"

आम्ही सगळ्यांनी बापूकडं बघितलं. तो नानाच्या पायाशीच बसला होता, बुटात नाडी ओवत.

"मग ह्यो कोण?" मागनं कोणीतरी विचारलं.

"ह्यो रंगा. रंगराव इंगवले. यादीतला सोळावा गडी. आज धा नंबरची जर्सी घालून ह्यो खेळणार. आणि ज्याच्या तोंडातनं बापू ह्यो शबुद निघंल, त्याला येताना ह्याच घाटात उतरवून ठेवणार."

सगळी हसली आणि माझ्याकडं वळली. कारण रंगराव इंगवले म्हणजे मी.

गोष्ट चौऱ्याऐंशी सालची. मार्च महिना, रविवार. आमची वाघजाई तालीम, म्हणजे गल्लीचा फुटबॉल संघ, पहिल्यांदाच कोल्हापूर सोडून गडहिंग्लजला बाहेरचा चषक खेळायला निघाली होती, तीही थेट फायनल. सेमीफायनलपर्यंत खेळाडूच एस.टी.नं जाऊन यायचे. फायनलला मात्र गल्लीनं एका गुळाच्या व्यापाऱ्याचा ट्रक मागून आणला. ढेपा उतरवून ट्रक तसाच आलेला. फळ्यांना गूळ चिकटलेला, त्यात आम्ही साठ-सत्तर जण, आणि माश्या निपाणीपर्यंत सोबतीला. हलगी वाजत होती, तिघं-चौघं आधीच घसा बसवून मोकळे झाले होते.

बापू घोरपडे आमचा एक्का. पण महिन्यापूर्वी तो पंचाच्या अंगावर धावून गेला आणि त्याच्यावर सहा महिन्यांची बंदी बसली. त्याच्याविना फायनल म्हणजे हरायलाच जायचं. आता त्या काळात खेळाडूचा फोटो नाही, ओळखपत्र नाही. यादीत नाव असलं की झालं. आणि आमच्या यादीत एक नाव असं होतं की ज्याची जर्सी तीन वर्षांत घामानं भिजली नव्हती. माझं. मी खेळाडू कसला, तालमीचा फुकटचा नारळफोड्या. सोळा नावं भरायची म्हणून नानानं मला घातलेलं.

"रंगा, तुझी काय अडचण?" नानानं विचारलं.

"माझी कसली अडचण," मी म्हणालो.

हे एक वाक्य मी तोंडातनं काढलं नसतं, तर आज तुमच्यापुढं बसून ही कथा सांगायची वेळच आली नसती. कारण अडचण होती. डोंगराएवढी होती आणि ती नेमकी गडहिंग्लजातच राहत होती.

नऊ दिवसांपूर्वी मी, आई आणि मामा गडहिंग्लजला मुलगी बघायला जाऊन आलो होतो. मुलगी रेडेकर गुरुजींची. शालन. गुरुजी शाळामास्तर, बोलणं मोजकं, जाड काचांचा चष्मा. पोहे झाल्यावर त्यांनी मला विचारलं, "नोकरीव्यतिरिक्त काही आवड?"

"वाघजाईकडनं फुटबॉल खेळतो," मी म्हणालो. "फॉरवर्ड."

मामाला ठसका लागला. पण ट्रे घेऊन उभ्या असलेल्या पोरीनं मान वर केली, माझ्याकडं सरळ बघितलं आणि विचारलं, "गोल करता काय?"

पोरी तेव्हा असं विचारत नसत. गुरुजीही चमकले. मी म्हणालो, "करतो की."

ती हसली नाही, लाजली नाही. नुसती बघत राहिली, जणू गोल किती ते सांगा म्हणून. त्या बघण्यानं मी पार कामातनं गेलो. नऊ दिवस मला धड जेवण गेलं नाही की झोप लागली नाही. वर्कशॉपात हातातला पाना दोनदा पायावर पडला. येत्या गुरुवारी सुपारी फोडायची ठरली होती, आणि आईनं बजावलं होतं, "सुपारी फुटंपर्यंत गल्लीत ब्र काढायचा न्हाई. मोडता घालणारी माणसं लई." म्हणून मी नानाला बोललो नाही, एवढं कारण मी पुढं कैक वर्षं स्वतःला सांगत आलो.

खरं कारण दुसरं. मैदानाला लागूनच गुरुजींचं घर होतं. तिथल्या सामन्यांना लाऊडस्पीकर लावतात हे मला ठाऊक होतं. बापू गोल करणार याबद्दल कोणालाच शंका नव्हती. आणि गोल झाला की लाऊडस्पीकर माझं नाव पुकारणार, ते तिच्या स्वयंपाकघरात जाणार. मला ते आवडलं. आयला, मला ते लई आवडलं. बाप्यांच्या गर्दीत ती कुठं बघायला येणार, गुरुजी तर खेळाच्या भानगडीत नसतीलच, असं मी गृहीतच धरलं. संकेश्वर येईपर्यंत माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं.

मैदानात उतरलो आणि तोंडचं पाणी पळालं.

मध्यरेषेला मांडव घातला होता. मांडवात टेबल, टेबलावर हातभर उंच चषक, आणि चषकाच्या मागं पांढरा शर्ट, काळी टोपी, जाड काचांचा चष्मा. रेडेकर गुरुजी. छातीला स्पर्धा कमिटीचा बिल्ला. मांडवाच्या मागं शाळेचा व्हरांडा, तिथं बायका-पोरी बसलेल्या. खांबाला टेकून पोपटी साडीत शालन.

मी नानाचा दंड धरून त्याला ट्रकच्या मागं ओढला आणि एका दमात सगळं सांगितलं.

नाना माझ्याकडं बघतच राहिला. "आणि हे तू आत्ता सांगायलाईस?"

"आईनं सांगू नको म्हटलं हुतं."

"आई म्हटली. मर्दा, घाटात विचारलं तवा काय तोंडात गूळ धरला हुतास?"

"नाव बदल की. दुसऱ्या कुणाचं तरी लाव."

"यादी दिली टेबलावर. सही झाली." त्यानं इकडंतिकडं बघितलं. गल्लीतली माणसं झेंडे काढत होती, हलगीवाला थाप मारत होता. "आता एकच कर. ह्यो टॉवेल घे, डोकीला गुंडाळ, आणि गप माणसांत बसून राहा. नव्वद मिनिटं तू रंगा न्हाईस. कोण न्हाईस."

मी बसलो. पण बसणं कसलं ते. या ढुंगणावरनं त्या ढुंगणावर. दर दोन मिनिटांनी टॉवेल सारखा करायचा आणि त्याच्या फटीतनं एकदा मांडवाकडं, एकदा व्हरांड्याकडं बघायचं. खेळ कुठं चाललाय याकडं माझं लक्षच नव्हतं.

विसाव्या मिनिटाला बापूनं डाव्या बगलेतनं तिघांना चकवलं आणि चेंडू जाळ्यात मारला. आमची सगळी माणसं उभी राहिली. "रंगा, रंगा," असा एकच गजर. माझ्या शेजारचा माझ्याच पाठीवर बुक्क्या मारत माझं नाव ओरडत होता. लाऊडस्पीकर म्हणाला, "वाघजाई तालीम, कोल्हापूर. गोल. दहा नंबर, रंगराव इंगवले."

गडहिंग्लजात काही सुपारी फुटेपर्यंत ब्र न काढायची पद्धत नसावी. कारण कमिटीतला एकजण वाकून गुरुजींचा हात हलवायला लागला, दुसऱ्यानं पाठ थोपटली. "गुरुजी, जावयानं केला की हो," हे मला ऐकूसुद्धा आलं, कारण समोरचा माईक कोणी बंद केला नव्हता. गावची माणसं हसली. कोणीतरी म्हणालं, "गुरुजी, आता तुम्ही कुणाच्या बाजूचं?"

गुरुजी हसले नाहीत. त्यांनी दहा नंबरकडं बघितलं. चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, घातला, परत बघितलं. मग हळूच मान वळवून व्हरांड्याकडं बघितलं. शालन उभी राहिली होती. ती मैदानाकडं बघत नव्हती. ती आमच्या माणसांवरनं नजर फिरवत होती, एकेक ओळ, सावकाश.

मी मान खाली घातली आणि बुटाची नाडी सोडून परत बांधली.

हाफ टाइमनंतर गडहिंग्लजच्या संघाकडनं गोल फिटला. एक-एक. मैदान तापलं. धुरळा उडत होता, त्यांची माणसं शिट्ट्या मारत होती. खेळ संपायला दहा-बारा मिनिटं असतील. बापू चेंडू घेऊन त्यांच्या गोलसमोर घुसला आणि त्यांच्या बॅकनं त्याला मागनं असा काही आडवा केला की तो दोन कोलांट्या खाऊन पडला तो हललाच नाही.

आता ऐका. ट्रकातल्या सत्तर माणसांपैकी एकाच्या तोंडातनंसुद्धा दिवसभरात चुकीचं नाव निघालं नव्हतं. पोरंटोरं, म्हातारे, अगदी सकाळपासनं टाकून आलेला हलगीवालासुद्धा 'रंगा' म्हणत होता. सगळं मैदान शांत झालं. आणि त्या शांततेत एकजण टॉवेल टाकून ताडकन उभा राहिला आणि गळ्याच्या शिरा ताणून ओरडला, "बापू, उठ."

तो मी. ज्याचं नाव होतं तोच एकटा चुकला. तास-दीड तास स्वतःचंच नाव ऐकून ऐकून माझ्या डोक्याचा पार भुगा झाला होता, आणि बापू पडलेला बघून जे खरं तेच बाहेर आलं.

बापू उठला. उठून त्यानं हाकेच्या दिशेनं हात पण केला. त्यांच्या मॅनेजरनं ते बघितलं आणि तो पंचाकडं पळत सुटला.

खेळ थांबला. पंच, त्यांचा मॅनेजर, आमचा नाना आणि बापू असे चौघं मांडवात गेले. माईक चालूच होता, त्यामुळं तिथलं बोलणं सगळ्या गावाला ऐकू येत होतं.

"ह्यो इंगवले न्हाई. ह्याला आत्ता कुणीतरी बापू म्हणून हाक मारली."

"घरात लाडानं म्हणतात," नाना म्हणाला. "आमच्यात हरेक घरात एक बापू असतोय."

"लाडाचं सोडा. दुसऱ्याच्या नावावर खेळवला असंल तर संघ बाद करा. आमचा प्रोटेस्ट लिहून घ्या."

मग कमिटीच्या अध्यक्षांचा आवाज आला, मजेत असल्यासारखा. "अहो, त्यात काय एवढं? इंगवले म्हणजे आपल्या गुरुजींचे होणारे जावई. नऊ दिवसांमागं घरी येऊन पोहे खाऊन गेलेत. गुरुजी आयुष्यात खोटं बोललेले नाहीत, हे तुम्हीही जाणता. काय गुरुजी, हेच का रंगराव इंगवले? तुम्ही म्हणाल ते कमिटीला मान्य."

सगळं मैदान थांबलं. टॉवेल पायात पडला होता आणि तो उचलायचं भानही मला नव्हतं.

गुरुजी उभे राहिले. बापूसमोर गेले, त्याचा चेहरा नीट बघितला. मग म्हणाले, "जरा थांबा. चष्मा पुसतो."

आणि चष्मा पुसता पुसता त्यांनी मान वळवली ती सरळ माझ्याकडं. चष्म्याशिवाय त्यांना किती दिसत होतं कोण जाणे, पण उभा राहिलेला मी एकटाच होतो. पन्नास पावलं असतील मधे. त्यांनी एक काच पुसली. दुसरी पुसली. परत पहिली पुसायला घेतली.

खोटं कशाला सांगू, मला कोणी धरलं नव्हतं. नाना मांडवात होता. शेजारचे सगळे टेबलाकडं बघत होते. पन्नास पावलं चालत जायचं आणि म्हणायचं, गुरुजी, रंगराव मी. एवढंच होतं. मला ते कळत होतं. त्याचबरोबर तो चषकही दिसत होता, तालमीचा पहिला बाहेरचा चषक, आणि तो माझ्यापायी गेला तर गल्लीत पुन्हा तोंड दाखवायची सोय नव्हती. मी म्हटलं, आत्ता एवढं निभावू दे. नंतर घरी जाऊन पाय धरू. माणूस चांगला आहे, समजून घेईल.

मी खाली बसलो.

गुरुजींनी चष्मा डोळ्यांवर चढवला. बापूचा हात स्वतःच्या हातात घेतला आणि म्हणाले, "हेच. हेच रंगराव इंगवले. माझे होणारे जावई."

पुढचं काय सांगायचं. पंचानं पेनल्टी दिली, बापूनं ती मारली, लाऊडस्पीकरनं दुसऱ्यांदा माझं नाव घेतलं. दोन-एक. शिट्टी वाजली आणि आमची माणसं मैदानात घुसली. हलगी, गुलाल, नाचानाच. नाना मला मिठी मारून रडला. "रंगा, तुझ्या नावानं आणला मर्दा," म्हणत होता. बक्षीस वाटताना फायनलचा उत्कृष्ट खेळाडू म्हणून रंगराव इंगवलेला एक छोटी ढाल मिळाली. ती द्यायला गुरुजींनाच बोलावलं. बापूनं खालमानेनं घेतली.

उन्हं कलायला लागली होती. ट्रक वळवून लावला होता आणि माणसं चढत होती. गुरुजी मैदान ओलांडून आमच्याकडं येताना दिसले. मागं चार पावलांवर शालन. मी पुढं धावलो आणि वाकून पायाला हात लावायला गेलो. ते एक पाऊल मागं सरले.

"गुरुजी, चुकलं माझं. मी सांगणारच हुतो. नंतर घरी येऊन सगळं..."

"एकतीस वर्षं झाली हजेरी घेतोय," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "नाव पुकारलं की ज्याचं त्यानं 'हजर' म्हणायचं. पोरगं बोललं नाही तर मी जरा थांबतो. लाजत असेल, घाबरलं असेल. मग गैरहजेरी लावतो. दुसऱ्याच्या नावापुढं खोटी हजेरी कधी लावली नव्हती. आज लावली."

"तुम्ही न्हाई म्हटला असता तरी चाललं असतं."

"चाललं असतं? साऱ्या गावानं माझ्या पोरीकडं बघून म्हटलं असतं, हिचा नवरा नाव भाड्यानं देतो. मी तुमच्यासाठी नाही बोललो, इंगवले. आणि तुम्हाला वेळ दिला नाही असं म्हणू नका. आणखी पुसला असता तर काचा झिजल्या असत्या."

ते माझ्या बाजूनं पुढं गेले आणि बापूपुढं उभे राहिले.

"खरं नाव काय तुमचं?"

"बापू घोरपडे," बापू म्हणाला. ढाल त्यानं पाठीमागं लपवली होती.

"लग्न झालंय?"

"न्हाई."

"पाच माणसांत मी तुमचा हात धरून जावई म्हटलंय. माझा शब्द खोटा राहिलेला मला चालणार नाही. घरचा पत्ता द्या, मी वडिलांना भेटायला येतो."

बापूचा चेहरा पांढराफटक पडला. "गुरुजी, असं कसं? ही रंगाची जागा हाय. मी फकस्त खेळलो. मला त्यातलं कायबी ठावं न्हवतं, तुमची शपथ."

"ते दिसलं मला," गुरुजी म्हणाले. "म्हणून तर विचारतोय."

मी शालनकडं वळलो. म्हटलं, बाप रागात आहे, ही तरी बोलेल. हिनंच तर मला विचारलं होतं, गोल करता काय म्हणून.

"तुम्ही तरी सांगा त्यांना," मी म्हणालो. "माझी चूक झाली, पण माझं मन खोटं न्हाई. नऊ दिवस मला जेवण ग्वाड लागलेलं न्हाई."

ती पुढं आली. त्या दिवशी पोहे देताना बघितलं होतं तसंच सरळ बघितलं.

"खेळता येत नसतं तरी चाललं असतं," ती म्हणाली. "मी तुम्हाला पहिल्या गोललाच हुडकलं हुतं. म्हटलं, आता उठतील. मग म्हटलं, आता तरी उठतील. आण्णा चष्मा पुसत हुते, तवा मी खांब घट्ट धरून उभी हुते. ज्याला स्वतःच्या नावाला उठता येत न्हाई, त्याच्या नावाचं कुंकू मी कशाला लावू?"

एवढं बोलून ती वळली आणि व्हरांड्याकडं चालायला लागली. मागं वळून बघितलं नाही.

परतीच्या वाटेवर ट्रकात सगळी नाचत होती. मी फळीला टेकून उभा होतो, बसवत नव्हतं. बापू येऊन शेजारी उभा राहिला. त्यानं ती ढाल माझ्या हातात दिली. "तुझं नाव हाय, तू ठेव," म्हणाला.

आठ दिवसांनी तो माझ्या घरी आला. गुरुजी त्याच्या वडिलांना भेटून गेले होते, घरच्यांनी होकार दिला होता. तो चप्पल न काढता उंबऱ्यातच उभा राहिला.

"रंगा, तू फकस्त एकदा म्हण. नको म्हण. मी आत्ता जाऊन मोडून येतो."

नको, नको, नको. हजारदा म्हणावंसं वाटत होतं. पुन्हा कोणीतरी थांबलं होतं, पुन्हा माझ्या तोंडाकडं बघत होतं.

"मला काय त्याचं," मी म्हणालो.

बापू जरा वेळ थांबला आणि गेला.

चषक आजही तालमीच्या कपाटात आहे. ढाल माझ्या घरी, टीव्हीच्या वर. माझी बायको ती दर दिवाळीला चिंचेनं घासते आणि नातवंडांना सांगते, आजोबांनी फायनलला दोन गोल केले होते. पोरं मला विचारतात, कसे केले आजोबा, डाव्या पायानं का उजव्या? मी उठतो आणि बाहेर फिरून येतो. चाळीस वर्षांत मी खरं कोणाला सांगितलं नाही. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतोय.

लग्न मे महिन्यात झालं, गडहिंग्लजलाच. आमची सगळी गल्ली पुन्हा ट्रकात बसून गेली. मी नको म्हणत होतो, पण मित्राच्या लग्नाला आला नाही तर माणसं काय म्हणतील म्हणून नानानं मला नेलंच. मी वाढप्यांत उभा राहिलो, म्हणजे एका जागी बसायला नको. जिलबी वाढली, भात वाढला, मग बुंदीचं घमेलं घेतलं. फिरत फिरत नवरा-नवरीच्या पानापाशी पोचलो, तेव्हा बायकांनी कालवा मांडला होता. नाव घे, नाव घेतल्याबिगर घास उचलू देणार न्हाई.

शालननं आढेवेढे घेतले नाहीत. अंगणातल्या तुळशीचं कायतरी जोडून तिनं बापूरावांचं नाव घेतलं, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं, स्पष्ट. बायका हसल्या. बापू लाजून पानात बघायला लागला.

गावच्या मैदानावर सत्तर माणसांनी घसा फुटेपर्यंत माझं नाव घेतलं होतं. लाऊडस्पीकरनं दोनदा घेतलं होतं. जिच्या कानावर पडावं म्हणून मी ते दुसऱ्याच्या अंगावर घातलं, तिनं मात्र ते आजवर एकदाही घेतलेलं नाही. मी भेटलो की ती मला 'भावजी' म्हणते.

"रंगा, थांबलास का?" मागनं नाना म्हणाला. "वाढ की."

मी वाकलो आणि दोघांच्या पानात बुंदी वाढली.